वायरीला हाक

सावद्यात त्या साली चार डोकी फुटली, एकाची दोन बोटं गेली आणि एक जीव गेला, आणि हे सगळं कशापायी, तर वायरीपायी. बांधावरून डोकी फुटली असती तर गावाने समजून घेतलं असतं. बांध निदान डोळ्यांना दिसतो. इथे भांडण होतं केसाएवढ्या काचेच्या तारांचं, आणि त्यातल्या आठ तारा तर रिकाम्याच पडून होत्या.

वायर जीवराम नानांची. पंचवीस वर्षांपूर्वी नानांनी गच्चीवर छत्री बसवून टीव्हीची केबल सुरू केली, आणि इंटरनेट आलं तशी ती जुनी केबल उतरवून फायबर ओढली. सावदा आणि भोवतालची सहा खेडी, केळीचे व्यापारी, पतपेढी, शाळा, दवाखाने, सगळीकडे नानांचीच वायर. ती ओढली अभिमनने. अभिमन मूळचा धुळ्याकडचा, कापडण्याचा. आईबाप एकाच वर्षी गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि कडेवर चार वर्षांचा भाऊ, तेजस. नानांनी दोघांना सावद्यात आणलं, खोली दिली, अभिमनच्या हातात पक्कड दिली.

त्या उपकाराची फेड अभिमनने पहिल्या दोन वर्षांतच केली होती, असं माझं मत. दुसऱ्या एका केबलवाल्याची माणसं सळया घेऊन आली, तेव्हा अभिमन शिडीवर होता. "खाली उतर आन् वायर सोड," ते म्हणाले. तो उतरला नाही. त्यांनी शिडी ओढून त्याला खाली पाडलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ते हाड नीट बसलंच नाही, डावा खांदा कायमचा खाली गेला. नाना तीन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होते, तेही खरं. माणूस वाईट होता असं म्हणून मोकळं होता येत नाही, तिथेच तर घोळ आहे.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खांब सगळे विजेचे. लोखंडी खांबात कधी करंट उतरलेला असेल याचा नेम नाही. म्हणून अभिमनने पहिल्यापासून एक रीत पाडली. शिडी खांबाला टेकवायचीच नाही. शिडीच्या टोकाला दोन आकडे, ते दोन खांबांच्या मध्ये ताणलेल्या वायरीतच अडकवायचे. फायबरच्या जोडीला पोलादी तार असते, ती माणसाचं वजन सहज पेलते. पण मग कुणी लांबवर तीच वायर कापली, तर शिडीवरचा माणूस गेलाच. म्हणून दुसरी रीत. कुठलीही वायर कापण्याआधी तिला हाक द्यायची. वायर मुठीत धरून तीन झटके. कुणी वर असेल तर तो उलट दोन झटके देतो. होकार आला की कात्री खिशात. मग जगबुडी आली तरी ती वायर कापायची नाही, आणि वरच्या माणसानेही घाबरून उतरायचं नाही.

ही रीत अभिमनची, पण तालुक्यातल्या सगळ्या वायरमननी उचलली. मालकांमध्ये काय वाट्टेल ते चालो, हाकेला दगा कुणी दिला नव्हता. तेजसने तर ती मिसरूड फुटायच्या आधीच उचलली होती. पोरगा चेष्टेखोर. होकाराचे दोन झटके झाले की तिसरा एक हलकासा टिचका मारायचा. "हाऊ मी शे, समजनं का?" असा त्याचा अर्थ. अभिमन त्यावरून त्याला रागवायचा आणि मनातून सुखावायचा.

मग संयम आला. संयम हा पुखराज शेठचा मुलगा. शेठचं बाजारपेठेत भुसार दुकान, तीन पिढ्यांपासूनचं. पोरगा पुण्याला शिकून आला आणि त्याने इंटरनेटचा परवाना काढला. पण परवाना म्हणजे वायर नव्हे. एके दिवशी सकाळी तो नानांच्या ऑफिसात पेढे घेऊन आला आणि अदबीने बसला.

"नाना, तुमच्या वायरीत बारा तारा आहेत. तुम्ही चार वापरता. उरलेल्या आठ मला भाड्याने द्या. मी वेगळी वायर ओढली तर त्याच खांबांवर दुसरा लोंबकळता पसारा. गिऱ्हाइकाला दोन दुकानं मिळतील, तुम्हाला घरबसल्या भाडं मिळेल."

नानांनी पेढ्यांचा पुडा टेबलावरून परत त्याच्याकडे सरकवला.

"या वायरीसाठी माह्या मानसानं हाड मोडून घेतलं," ते म्हणाले. "मी घर गहाण टाकलं. तवा तू शाळेत व्हता. आता तयार रस्त्यानं तुही गाडी नेशीन आन् माहेच गिऱ्हाईक पळवशीन. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं का तुले?"

नानांचंही काही खोटं नव्हतं. ज्याने खस्ता खाल्ल्या त्याला वाटून घे म्हणणं सोपं असतं, म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. पण अभिमन दाराशी उभा होता, आणि त्याला वाटलं आपण बोलावं. हाड त्याचंच होतं.

"नाना, द्याले काय हरकत शे? विहीर आपली ऱ्हायनी, घागर कोन्ही बी भरो. दुसरी वायर उनी ते मारामारी व्हई."

नाना उठले आणि संयमच्या देखत त्यांनी अभिमनच्या थोबाडीत मारली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. नानांच्या बोटातली अंगठी लागून त्याचा ओठ फाटला. नानांचा मुलगा चंदन कोपऱ्यात बसून केळी खात होता, तो हसला. संयम पेढे उचलून निघून गेला. अभिमनने रक्त गिळलं आणि कामाला गेला. त्याला राग आला नाही, लाज वाटली, आणि ती कशाची ते त्याला कळलं नाही.

महिन्याभरात संयमने स्वतःची वायर ओढायला घेतली. त्याच खांबांवरून, नानांच्या वायरीखाली हातभर अंतरावर. आणि ती ओढायला त्याने मुकादम नेमला तेजसला.

"तू तथा जाशी ते मन्हासंगे बोलू नको," अभिमन म्हणाला.

"भाऊ, वायर कोन्ही बी ऱ्हावो, पोट ते आपलंच शे ना," तेजस म्हणाला. "आन् तुन्हा थोबाडले हात लावना त्यान्हा घर मी काम करू का?"

अभिमनची बायको मंदाबाई मध्ये पडली. तेजसला तिनेच वाढवलं होतं. ती म्हणाली, दोघांनी दोन ताटात जेवा, पण माझ्या चुलीपुढे जेवा. तसं चाललं. भाऊ रोज शेजारी बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

बाहेर मात्र युद्ध पेटलं. चंदनने केळीचे घड कापायचा कोयता गाडीत ठेवला आणि चार टगे पाळले. संयमची वायर दिसेल तिथे कापायची. संयमनेही भुसावळहून माणसं आणली. बसस्टँडच्या मागे एकाला इतकं तुडवलं की त्याचा जबडा तारेने बांधावा लागला. आठवडे बाजारात, ऐन गर्दीत, चंदनने संयमच्या एका माणसाचा हात हातगाडीच्या फळीवर धरून दोन बोटं तोडली. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन बघत राहिले. संयमची माणसं नानांच्या ऑफिसात शिरली, यंत्रं फोडली आणि टेबलाशी बसलेल्या कारकुनाचं डोकं कपाटावर आपटलं. सगळी पोटासाठी राबणारी माणसं. मालकांच्या अंगाला ओरखडा नव्हता.

वैशाखातल्या एका मंगळवारी, सकाळी केळीचे भाव निघायच्या वेळेला, नानांची मुख्य वायर तुटली. अर्धा तालुका बंद पडला. व्यापारी ऑफिसात येऊन तोंडाला येईल ते बोलले. अभिमनने जाऊन तुटलेलं टोक पाहिलं. पोलादी तार ताणली जाऊन बारीक झालेली होती. कापलेली तार अशी दिसत नाही. घड भरलेल्या ट्रकमध्ये अडकून वायर ओढली गेली होती. त्याने नानांना तसं सांगितलं.

"भावासाठी खोटं बोलू रायला," चंदन म्हणाला.

"गाडी काढ," नाना म्हणाले.

दुपारी बाराचं ऊन. जीप केळीच्या बागांमधल्या रस्त्याने गेली आणि वळणावरच्या खांबापाशी थांबली. इथे वायर काटकोनात वळून बागेपलीकडच्या रस्त्याने जात होती. केळी दोन पुरुष उंच, पलीकडचं काही दिसत नव्हतं. संयमने घाईत वायर ओढली होती. दर खांबाला ती आवळून बांधायची असते, ती नुसती आकड्यांतून सोडलेली होती. एका ठिकाणी कापली तर चार खांबांपर्यंत ढिली पडणार, हे अभिमनला बघताक्षणी कळलं.

"चढ," नाना म्हणाले. "मुळापासून काप. आज त्याचं बठ्ठं बंद झालं पाहिजे."

अभिमन चढला. त्याला कापायची होती. खोटं कशाला सांगू, गेल्या तीन महिन्यांत त्याने संयमची वायर सात वेळा कापली होती. त्याने वायर मुठीत धरली आणि हाक दिली. एक, दोन, तीन.

क्षणभर काही नाही. मग मुठीत दोन झटके आले. आणि त्यामागून एक हलकासा टिचका.

तीन महिने भाऊ त्याच्याशी बोलला नव्हता. अभिमनचे डोळे भरून आले, त्या उन्हात, त्या शिडीवर. त्याने कात्री खिशात घातली.

"नाना, वर मानूस शे. तेजस शे."

"असू दे. पडला त पडू दे."

"होकार उना, नाना. आते ही वायर कापता येवाव नही."

तो खाली उतरला. चंदन कोयता घेऊन शिडीकडे निघाला तसा अभिमनने त्याची कंबर धरली आणि त्याला जमिनीवर आपटलं. दोघं धुळीत लोळले. अभिमनने त्याचं मनगट चावून कोयता सोडवला होता, एवढ्यात नानांनी जीपमधला लोखंडी दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकदा, आणि तो उठायला लागला तेव्हा पुन्हा एकदा, त्याच मोडलेल्या खांद्यावर. डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने चंदनचा पाय पकडला, चंदनने तोंडावर लाथ मारून तो सोडवला आणि वर गेला.

"तेजस, उतर," अभिमन ओरडला. केळीच्या बागेत आवाज जिरून जातो. त्याने तीनदा हाक मारली, तोंडाने.

चंदनने वायर खांबाच्या पट्टीवर दाबून कोयत्याचे तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला ती तुटली आणि ताणलेली पोलादी तार उलटून त्याच्या गालावर बसली. गाल कानापासून ओठापर्यंत उघडा पडला. तो किंचाळत शिडीवरून घसरला. अभिमन त्याच्याकडे बघायला थांबला नाही. बागेच्या पलीकडून शिडी आदळल्याचा आवाज आला होता.

तो केळीमधून धावला, पानं अंगावर फाडत, एका डोळ्याने बघत. तेजस रस्त्याकडेच्या मोरीवर पाठीवर पडला होता. शिडी त्याच्या छातीवर. मोरीचा दगड कमरेखाली गेला होता आणि कमरेपासून खाली शरीर भलत्याच दिशेला वळलेलं होतं. कमरेला वायरमनचा सुरक्षेचा पट्टा नव्हता, संयमने कुणालाच दिला नव्हता. डोळे उघडे होते.

केळीची पानं भरलेला एक टेम्पो येत होता. अभिमनने तो आडवा होऊन थांबवला. पानांवर भावाला निजवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि जळगावची वाट धरली. भुसावळ मागे पडलं. तेजसने भावाचं रक्ताळलेलं तोंड बघितलं.

"नानानी जीप माले दिसनी व्हती, भाऊ," तो म्हणाला. "धुराळा दिसना. मी उतरीच ऱ्हायंतू. पन तुन्ही हाक उनी, म्हनीसन मी उतरनू नही."

नशिराबादच्या अलीकडे त्याचा श्वास थांबला. अभिमनने टेम्पो थांबवू दिला नाही. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि मग अभिमनच्याच डोक्याला अकरा टाके घातले. तेजसचं ते शेवटचं बोलणं त्याने मंदाबाईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

टाके घालून झाल्यावर तो पोलिसांकडे जबाब द्यायला गेला, तोवर संयमचा जबाब झाला होता. काम करताना शिडी घसरली, अपघात. पट्टा न दिल्याचं आणि विजेच्या खांबांवर परवानगी न घेता वायर टाकल्याचं निस्तरण्यापेक्षा त्याला हे सोपं पडलं. नानांनी दुजोरा दिला. अभिमन आणि चंदन दारू पिऊन आपसात भांडले, त्यात दोघांना लागलं, असं चार माणसांनी सांगितलं. वायर वाटून घ्यायला जे दोघं तयार नव्हते, त्यांनी खोटं मात्र निम्मंनिम्मं वाटून घेतलं.

आणि मग वायरही वाटून घेतली. सुतक फिटून तेजसचं गंधमुक्त झालं, त्यानंतर आठ दिवसांनी पुखराज शेठच्या दुकानात बैठक बसली. शेठ म्हणाले, झालं ते झालं, आता शहाणे व्हा. आठ रिकाम्या तारा संयमला. खाली लोंबणारी दुसरी वायर काढून टाकायची. एक रस्ता, एक वायर, दोन दुकानं. अगदी तेच, जे संयम पहिल्या दिवशी पेढे घेऊन सांगायला आला होता, आणि जे बोलल्याबद्दल अभिमनने ओठ फाडून घेतला होता.

जोड द्यायला माणूस हवा होता. नानांची पंचवीस वर्षांची वायर कुठून कुठे जाते, हे एकट्या अभिमनला ठाऊक. त्यांनी निरोप पाठवला आणि तो आला. पोटापुढे कुणाचं चालतं, असं सगळे समजले.

जोड द्यायची जागा तीच, वळणावरचा खांब. सकाळचे दहा वाजले होते. नानांनी खांबाच्या बुडाशी नारळ फोडला. संयमने पेढे वाटले. चंदन गालावर पट्टी लावून जीपला टेकून उभा होता. कुणीतरी अभिमनच्या हातावर पेढा ठेवला, तो त्याने खांबाच्या बुडाशी ठेवून दिला आणि शिडीचे आकडे वायरीत अडकवून वर चढला.

वर गेल्यावर त्याने नानांची मुख्य वायर मुठीत धरली. तीन झटके दिले. मग थांबला. खालच्या लोकांना वाटलं, तो वायर तपासतोय. तो बराच वेळ थांबला, कान लावून बसल्यासारखा. मग खाली उतरून शिडी खांबापलीकडच्या, न कापायच्या बाजूच्या वायरीत अडकवली, पुन्हा चढून मोठी कात्री काढली आणि सगळी वायर एका दमात कापली. पोलादी तार, बारा तारा, नानांच्या चार आणि संयमच्या आठ. कापलेलं टोक बागेवर जाऊन आदळलं.

चंदन शिडी ओढायला धावला. अभिमन वरून त्याच्या अंगावरच उतरला. कात्रीच्या लोखंडी दांड्याने त्याने चंदनच्या उजव्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव त्याच मनगटावर. संयम पेढ्यांचा पुडा टाकून मागे सरला, त्याला अभिमनने कॉलर धरून खाली पाडलं आणि त्याचं तोंड जमिनीवर घासलं, पेढ्यासकट. मग तो नानांकडे वळला. नाना मागे सरकत जीपला अडले. हातात दांडा नव्हता. साठी ओलांडलेला, घाम फुटलेला माणूस. अभिमनने कात्री उगारली आणि नानांच्या गळ्याजवळच्या हाडावर, स्वतःचं जिथे मोडलं होतं नेमकं तिथे, हाणली. नाना गुडघ्यावर बसले.

"पोराहो, अरे सगळा गाव बंद पाडला त्यानं," नाना कण्हत म्हणाले, मग अभिमनकडे वळले. "कापायच्या आधी कोन्हाले इचारलं का रे तू?"

अभिमनने कात्री खाली घेतली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने नुसतं नाव घेतलं.

"हाक दिन्ही, जीवराम. कोन्हीच बोलनं नही."

मग त्याने शिडी खांद्यावर घेतली, वाकड्या खांद्यावरच, आणि तो पुढच्या खांबाकडे निघाला. अडवायला कुणी गेलं नाही.